युद्धाचा हेतू आणि भरतीचा माणूस : भंडारा परिसरातील एक अपुरा वाद

ऑगस्ट १९४२ मध्ये भंडारा जिल्ह्यातील तुमसर येथे 'चले जाव' आंदोलनातील जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि त्यांत माणसे मेली. ऑक्टोबर १९४२ मध्ये, म्हणजे त्याच पावसाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, नागपूरलगतच्या कामठी छावणीत महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली. तुमसरपासून कामठी काही लांब नाही; बंगाल-नागपूर रेल्वेने ती वाट काही तासांची होती. तरीही या दोन घटना मराठी इतिहासलेखनात एका पानावर येत नाहीत. पहिली स्वातंत्र्यलढ्याच्या ग्रंथात असते, दुसरी सैन्याच्या किंवा दलित चळवळीच्या. दोन्ही घटना एकाच वादाची दोन अंगे होती, आणि तो वाद युद्धाचा हेतू काय आणि त्या युद्धात माणूस द्यावा की न द्यावा, असा दुपदरी होता, हे या विभागणीमुळे झाकले जाते.

भंडारा हा त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडचा जिल्हा; आजचा गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत त्याचाच भाग होता. अखिल भारतीय राजकारणाच्या दृष्टीने हा कोपरा असला, तरी युद्धविषयक वादाच्या दृष्टीने तो कोपरा नव्हता. वर्धा, सेवाग्राम आणि पवनार एका बाजूला, नागपूर मध्ये, आणि कामठीची छावणी दुसऱ्या बाजूला, असा हा पट्टा आहे. १९३९ नंतरच्या तीन वर्षांत युद्धाविषयीची निर्णायक वाक्ये याच पट्ट्यात उच्चारली गेली.

त्यांपैकी पहिले वाक्य प्रश्नार्थक होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानातील कोणत्याही प्रतिनिधीला न विचारता हा देश युद्धात सामील असल्याचे घोषित केले. काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्याला बसून १४ सप्टेंबरला जे निवेदन काढले, ते मुख्यत्वे जवाहरलाल नेहरूंच्या लेखणीतून उतरले होते. फॅसिझमचा निषेध त्यात निःसंदिग्ध होता. आणि त्याबरोबरच ब्रिटिश सरकारने आपले युद्धहेतू जाहीर करावेत, लोकशाहीसाठी लढत असल्याचे म्हणणाऱ्यांनी ती लोकशाही हिंदुस्थानला लागू आहे काय हे सांगावे, अशी मागणी होती. उत्तर समाधानकारक मिळाले नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा वर्ध्यालाच मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यावेत असा निर्णय झाला आणि नोव्हेंबरमध्ये मध्यप्रांतातील रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ पायउतार झाले.

या निवेदनाचे आज वाचन करताना एक गोष्ट खटकते. त्यात राष्ट्रे आहेत, साम्राज्ये आहेत, तत्त्वे आहेत. शिपाई मात्र नाही. त्या क्षणी हिंदी सैन्यात सुमारे दोन लाख माणसे होती आणि युद्ध संपेपर्यंत ती संख्या पंचवीस लाखांवर जाणार होती. सक्तीची भरती नव्हती. कागदोपत्री सगळे स्वखुशीचे होते. ही 'स्वखुशी' कशाची बनलेली आहे, हा प्रश्न वर्ध्याला कुणी उपस्थित केला नाही. त्याचे कारण शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९१८ मध्ये परिस्थिती वेगळी होती. त्या युद्धात गांधीजी स्वतः खेडा जिल्ह्यात भरतीसाठी गावोगाव हिंडले होते, आणि टिळकांचा विरोध भरतीला नव्हता, बिनशर्त भरतीला होता. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी टिळकांना थांबवले आणि टिळक सभा सोडून गेले. हिंदी माणसाला सैन्यात अधिकारपदे मिळतील असे वचन सरकारकडून मिळवून द्या, पाच हजार माणसे महाराष्ट्रातून देतो, न दिल्यास पन्नास हजार रुपये जप्त समजा, असा धनादेश त्यांनी गांधीजींकडे पाठवल्याची आणि गांधीजींनी तो परत केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. येथे माणूस हे सौद्याचे नाणे आहे. असे म्हणण्यात टिळकांचा उपमर्द नाही. त्या काळच्या राष्ट्रीय भाषेत भरतीचा अर्थच तो होता. भरती होणाऱ्याचे स्वतःचे काही म्हणणे असू शकेल, त्याचे घर, त्याची जात, त्याची भूक ही त्या म्हणण्याची बाजू असू शकेल, याला त्या भाषेत जागा नव्हती. १९३९ च्या निवेदनाने सौदा बदलला, भाषा बदलली नाही.

दुसरे वाक्य पवनारचे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी तेथे वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. या सत्याग्रहात मिठाचा खडा उचलायचा नव्हता, परदेशी कापडाची होळी करायची नव्हती, करही थकवायचा नव्हता. करायचे ते एवढेच : एक ठरलेले वाक्य जाहीरपणे उच्चारायचे. ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला माणसांची किंवा पैशांची मदत करणे चूक आहे आणि सर्व युद्धांचा अहिंसेने प्रतिकार करणे हाच खरा मार्ग आहे, या आशयाचे. सत्याग्रही कोण असावा हे गांधीजी स्वतः निवडत. तो आपला दिवस आणि जागा जिल्हा दंडाधिकाऱ्याला आधी कळवी. वाक्य उच्चारी आणि अटक करून घेई. वर्षभरात वीस हजारांहून अधिक लोक या मार्गाने तुरुंगात गेले.

साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाने थबकावे असा हा प्रसंग आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्याला कृतिरूप विधान म्हटले, म्हणजे जेथे बोलणे हेच करणे असते, त्याचे इतके शुद्ध उदाहरण राजकीय इतिहासात विरळा. गुन्हा वाक्याबाहेर कोठेच नव्हता. सरकारलाही ते उमगले होते. विनोबांच्या भाषणाचा वृत्तान्त छापण्यावर निर्बंध आले आणि गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकाचे प्रकाशन स्थगित केले. वाक्य हवेत उच्चारता येत होते, कागदावर येऊ शकत नव्हते.

या वाक्याच्या घडणीतील अंतर्विरोध त्या काळी फारसा चर्चिला गेला नाही. जुलै १९४० मध्ये पुण्याच्या अधिवेशनात काँग्रेसने राष्ट्रीय सरकार मिळाल्यास संरक्षणात सहकार्य करण्याची तयारी दाखवली होती. म्हणजे आक्षेप युद्धाला नव्हता, हेतूला होता. तीन महिन्यांनंतरचे पवनारचे वाक्य मात्र सर्व युद्धे नाकारते. पहिला अर्धा भाग राजकीय आहे, दुसरा नैतिक. आणि दोहोंचा जोड 'माणूस' या शब्दावर दिला आहे. विनोबांच्या तोंडी तो जोड दिसत नाही, कारण त्यांच्या जगण्यात तो नव्हताच. पुण्याच्या ठरावाला हात वर करून नंतर तेच वाक्य म्हणणाऱ्या इतर अनेकांच्या तोंडी तो दिसतो.

शिपायाचा प्रश्न या टप्प्यावर एकदाच, आणि तोही सरकारच्या बाजूने, नेमका पुढे आला. सप्टेंबर १९४० च्या अखेरीस सिमल्याला गांधीजींशी झालेल्या बोलण्यांत व्हाइसरॉयने भूमिका मांडली ती अशी : इंग्लंडमध्ये विवेकबुद्धीने युद्ध नाकारणाऱ्याला आपले मत जाहीरपणे मांडता येते, तथापि सैनिकाला किंवा दारूगोळ्याच्या कामगाराला परावृत्त करण्याची मुभा तेथेही नाही, तेवढीच मुभा येथे मिळेल. गांधीजींना ही मर्यादा मान्य झाली नाही. वाद तुटला तो या रेषेवर. युद्धाविषयी बोलावे, पण युद्ध करणाऱ्याशी बोलू नये, असे सरकारचे म्हणणे होते. गांधीजी शिपायाशी प्रत्यक्ष बोलले ते पुढे ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री, मुंबईत : नोकरी सोडू नका, पण आपल्याच लोकांवर गोळी झाडण्याचा हुकूम मानू नका, या अर्थाचे. त्यानंतर काही तासांत त्यांना अटक झाली. तुमसरला आणि त्याच सुमारास चिमूर-आष्टीला जे घडले, ते हा निरोप कोठेही पोहोचण्यापूर्वी.

आता तिसरे वाक्य. भरतीच्या वेळी रंगरूट जी शपथ घेतो, तीही कृतिरूप विधानच होय. ती अधिकाऱ्यासमोर घ्यायची असते, तिचे शब्द ठरलेले असतात, आणि ती घेताच माणसाची कायदेशीर जात बदलते. सत्याग्रह्याचे वाक्य आणि रंगरूटाची शपथ यांतील भेद आशयाचा आहे. सत्याग्रह्याचे वाक्य संपूर्णपणे हेतूविषयी आहे. शपथेत हेतूचा उल्लेख नसतो. ती निष्ठेची आणि आज्ञापालनाची असते. कोणत्या युद्धासाठी, कोणाविरुद्ध, का, यांपैकी काहीही तिच्यात नाही. भरती झालेल्याने युद्धाच्या हेतूला संमती दिली, असा निष्कर्ष म्हणून शपथेच्या संहितेतून काढता येत नाही. १९४२ चा देशभक्तिपर इतिहास तो सर्रास काढत आला आहे.

मग त्याने संमती कशाला दिली होती? महार समाजापुरते याचे उत्तर कागदोपत्री उपलब्ध आहे, कारण ते पन्नास वर्षे अर्जांतून लिहिले जात होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लढवय्या जातींच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन महारांची लष्करभरती बंद झाली. १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकर यांनी, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज केले. १९१७ मध्ये युद्धाच्या निकडीने महारांची स्वतंत्र पलटण निघाली आणि १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. डॉ. आंबेडकरांचे आवाहन त्यामागे होते. या अर्जांत सम्राटावरील निष्ठेची भाषा आहे हे खरे. परंतु अर्जाची भाषा ही अर्जाचीच भाषा असते. तिच्याखालचा मुद्दा असा की शस्त्र हाती असलेल्या माणसाला गाव वेशीबाहेर ठेवू शकत नाही.

येथे विदर्भाचा एक वेगळेपणा नोंदवणे अवश्य आहे, कारण सर्वसाधारण मांडणीत तो हरवतो. कोरेगावच्या स्तंभाची स्मृती, पेन्शनर सुभेदारांची घरे, छावणीतल्या शाळा ही सारी मुख्यतः कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातील परंपरा. भंडारा-नागपूरकडील महार समाज विणकाम, शेतमजुरी, कोतवाली, पुढे नागपूरच्या गिरण्या आणि विड्यांचे कारखाने यांवर जगत होता. जुन्या भोसले राज्यातील या प्रदेशाला कंपनीच्या लढायांची आठवण होती ती १८१७ च्या सीताबर्डीच्या पराभवाची. तेव्हा कामठीला पलटण उभी राहिली, तेव्हा भंडाऱ्याकडून तेथे जाणाऱ्या तरुणाला आजोबांच्या तलवारीचा दाखला सांगता येण्यासारखा नव्हता. त्याच्यासाठी ती पुनःप्रतिष्ठा नव्हती. नवी गोष्ट होती, आणि पगार होता.

याच जागी त्या काळच्या एका घोषणेचा विचार करावासा वाटतो. युद्धाच्या पहिल्या पर्वात डाव्या गटांच्या सभांत 'ना एक पाई, ना एक भाई' अशी आरोळी असे. यमक चोख आहे. पण 'भाई' कोण? ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याला सरकारला देण्याच्या वा न देण्याच्या प्रसंगी अचानक भावकीत घेतले जाते. घोषणा देणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी येथे शंका नाही. नातेवाचक शब्द राजकारणात वापरला की त्याचा हिशेब कोणीतरी मागतो, एवढेच. २६ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबई विधानसभेत युद्धविषयक ठरावावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी तो मागितला. आपले हित आणि देशाचे हित यांत विरोध आला तर देश आधी. देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला तर अस्पृश्य आधी, असे त्यांनी सांगितले. ब्रिटनला युद्धहेतू विचारणाऱ्यांना त्यांनी प्रत्यक्षात स्वराज्याचा हेतू विचारला होता.

म्हणून आंबेडकरांनी शिपायाची बाजू घेतली आणि हेतूचा प्रश्न टाळला, असे म्हणणे बरोबर नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यानंतर कामगारांना उद्देशून केलेल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी नाझींच्या 'नव्या व्यवस्थे'चा धोका वंशवादाच्या अंगाने मांडला आणि कामगाराला युद्धाबरोबर शांतताही जिंकायची आहे असा आग्रह धरला. ही युद्धहेतूची चर्चाच होय. मात्र ती लंडनला प्रश्न विचारून थांबत नाही, हेतू आपण घालायचा असतो असे मानते. या भूमिकेची किंमतही त्यांना मोजावी लागली. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला तेव्हा खाणींत स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली आणि तिचे समर्थन मजूरमंत्री म्हणून त्यांनाच करावे लागले. आंबेडकरांच्या युद्धकालीन कारकिर्दीचा गौरव करणारे या प्रकरणावरून घाईने पुढे जातात.

खाणींचा विषय निघाला म्हणून एक बाब. 'माणूस' आणि 'पैसा' या जोडीत भंडारा जिल्ह्याचे तिसरेच देणे बसत नाही. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून निघणारे मँगनीज पोलाद कठीण करण्यासाठी लागते. मध्यप्रांतातील या व्यवसायावर ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीचा वरचष्मा होता. टोपलीने खनिज वाहणाऱ्या मजुराने ना शपथ घेतली होती, ना सत्याग्रह केला होता. युद्धाला साहाय्य करण्याचा किंवा न करण्याचा निर्णय त्याच्यापर्यंत आलाच नाही. या वादातील सर्व पक्ष निवडीची भाषा बोलत होते. जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांचा युद्धाशी संबंध महागाई, धान्याची टंचाई आणि असली मजुरी एवढ्याच वाटांनी आला.

अन्य भूमिका थोडक्यात. सावरकरांनी हिंदूंच्या सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. तेथेही सैनिक हवा होता, पण उद्याच्या दुसऱ्याच युद्धासाठी. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्या प्रभावळीतील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या विचारवंतांनी फॅसिझमविरोध हाच प्रथम निकष मानला. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियात शिरल्यावर साम्यवाद्यांचे साम्राज्यवादी युद्ध 'लोकयुद्ध' झाले, आणि अण्णा भाऊ साठे यांचा 'स्टालिनग्राडचा पोवाडा' त्यातून आला. त्या पोवाड्यात अखेर एक लढणारा माणूस दिसतो, पण तो व्होल्गाकाठचा.

मराठी साहित्याचे या बाबतीतले वर्तन तपासण्यासारखे आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ मध्येच आली. युद्धापूर्वीचे युरोप, निर्वासित ज्यू, राष्ट्रवादाने माणसामाणसांत आणलेली दरी हे तिचे विषय. विदर्भाचे कवी अनिल यांचे 'निर्वासित चिनी मुलास' हे दीर्घकाव्य १९४३ चे. युद्धाने बेघर केलेल्याकडे पाहण्याची दृष्टी मराठीने याप्रमाणे फार लवकर मिळवली होती. युद्धावर गेलेल्याकडे मात्र तिने पाहिले नाही. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतील लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे यांना मरणोत्तर. पण 'लामावर' गेलेल्या असल्या माणसाभोवती उभी राहिलेली, 'रणांगण'च्या तोलाची मराठी कादंबरी दाखवता येत नाही. ते लिहिण्यासाठी लेखकाला ठरवावे लागले असते की हा शिपाई आपला की सरकारचा. तो निर्णय मध्यमवर्गीय मराठी साहित्याने घेतला नाही, आणि ज्यांच्या घरांतून शिपाई गेले होते त्यांची पिढी लिहू लागली तोवर तिच्यापुढे याहून निकडीचे लिहिण्याजोगे फार होते.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यावरील खटल्यांनी शिपायाला राष्ट्रीय भाषेत प्रवेश दिला. परंतु तो शपथ मोडलेल्या शिपायाला. आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज, सहगल, धिल्लन यांच्या जयजयकारात शपथ पाळलेल्या लाखो शिपायांचे काय करायचे, हे कोणालाच कळले नाही. स्वतंत्र भारताचे सैन्य मात्र त्यांचेच बनलेले होते. पुढची सांधेजोड साहित्यिकांनी नव्हे, भजनांनी केली. १९४२ च्या आंदोलनात अटक झालेले तुकडोजी महाराज १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत सीमेवर जवानांसमोर भजने गाण्यास गेले. विदर्भाच्या खेड्यांत कोणाला त्यात विसंगती वाटल्याचे ऐकिवात नाही.

भंडाऱ्यात या वादाचे दोन पक्ष एका व्यासपीठावर आले ते मे १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत. मतदारसंघ दुहेरी होता. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते, राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. आंबेडकर, आणि दोन्ही पक्षांची युती होती. बारा वर्षांपूर्वी मेहता 'चले जाव'साठी तुरुंगात होते आणि आंबेडकर त्याच वेळी सरकारात मंत्री होते. प्रचारात आंबेडकरांनी नेहरूंच्या परराष्ट्रधोरणावर हल्ला चढवला. १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना त्यांनी हाच मुद्दा आकड्यांत मांडला होता : ३५० कोटींच्या महसुलातील सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, आणि हे मित्र न राहू देणाऱ्या धोरणाचे फळ आहे. पलटणीसाठी आवाहन करणारा आणि सैन्यखर्चाचा हिशेब मागणारा माणूस एकच आहे, हे लक्षात घेतले तर १९४२ ची त्यांची भूमिका वेगळी वाचावी लागते. १९९७ मध्ये अरुण शौरी यांच्या ग्रंथाने तो जुना आरोप नव्याने केला, तेव्हा उत्तर देणाऱ्यांनी बहुधा आंबेडकरांच्या देशभक्तीचे पुरावे गोळा केले. १९५१ आणि १९५४ ची ही भाषणे त्या वादात फारशी आली नाहीत.

मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका असत आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. दुसरे मत कोणालाच न देता कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांची बाजू बळकट होईल, असे काही कार्यकर्त्यांनी सुचवल्याची आणि त्यांनी ते साफ नाकारल्याची आठवण विदर्भात आजही सांगितली जाते. मोजणी झाली तेव्हा सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले होते. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी विजयी झाले.